गांजाचं 'मेडिकल' नाशिकात नाही

मराठीत 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान. त्यामुळे कॅलिफोर्नियातला भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, इथे मेडिकल मारिजुआना मिळतो, तुझ्या गुडघ्यांसाठी घेऊन येतो," की आपल्या डोळ्यांसमोर कॉलेज रोडवरचं एखादं दुकान उभं राहतं. काउंटर, फ्रीज, संगणकावर निघालेली पावती. पावतीवर घेतलेली वस्तू बॅगेत ठेवायला कोण हरकत घेणार?

मुंबई विमानतळावरचे कस्टमचे अधिकारी घेतील. आणि ती हरकत दंड भरून मिटणारी नसेल.

कायदा आणि आरोग्य या विषयांवर लिहितो म्हणून हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या वेशांत येतो. गंगापूर रोडवरच्या एका काकूंना भाच्यानं गांजाच्या 'गमी', म्हणजे जेलीच्या गोळ्या, आणायचं कबूल केलं होतं. महाकालाचं दर्शन घेऊन परतलेल्या एका मित्रमंडळानं उज्जैनच्या परवानाधारक दुकानातून भांगेच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्या आता रंगपंचमीला काढायच्या बेतात ते होतं. निफाडकडच्या एका तरुण बागायतदारानं द्राक्षात दोन हंगाम मार खाल्ला होता. 'औषधी विजया', म्हणजे भांगेचंच झाड, लावून द्या, खरेदी आमची, असा मेसेज त्याला कुठूनसा आला होता. तिघेही सरळ माणसं. तिघांची चूक मात्र एकच. एका ठिकाणचा कायदा सामानाबरोबर दुसऱ्या ठिकाणी येतो, असं तिघेही धरून चालले होते.

आधी अमेरिकेचं पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यानं तिथे गांजा पहिल्या परिशिष्टात टाकला. म्हणजे हेरॉइनच्या पंगतीत, 'मान्य वैद्यकीय उपयोग नाही' असा शेरा मारून. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन २१५' मंजूर करून डॉक्टरच्या शिफारशीनं रुग्णाला गांजा वापरू दिला. पुढे एकेक करत बहुतेक राज्यं त्या वाटेनं गेली आणि 'डिस्पेन्सरी' नावाची दुकानं उभी राहिली. केंद्राचा कायदा मात्र जागेवरच होता. हा पेच २००५ मध्ये 'गोन्झालेस विरुद्ध रेच' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. दोन आजारी बायकांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे, स्वतःच्या उपचारापुरता गांजा वापरला होता. विक्री नाही, नफा नाही. तरी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की केंद्राचा कायदा लागू होतो. २०१४ पासून तिथली संसद दर वर्षीच्या अर्थसंकल्पात एक कलम घालते आणि राज्यांच्या वैद्यकीय गांजा व्यवस्थेत ढवळाढवळ करायला केंद्रीय न्याय खात्याला पैसा देत नाही. डिस्पेन्सऱ्या चालतात त्या या तहावर. बँका केंद्राच्या नियमांत असल्यामुळे यातल्या पुष्कळ दुकानांत आजही नेहमीचं क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख मोजावी लागते. ज्या दुकानाला स्वतःच्या देशातली बँक धड जवळ करत नाही, त्याची पावती सहार विमानतळावर काय कामाची?

आपल्याकडे हाच पेच उलटा पडतो. अमेरिकेत राज्य सैल आणि केंद्र कडक. भांगेच्या बाबतीत आपलं केंद्र सैल आणि महाराष्ट्र कडक. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर बाकीचं आपोआप उलगडतं.

अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केली होती आणि गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची सवलत घेतली होती. ती संपत आली तेव्हा हा कायदा झाला. त्याआधी इंग्रजांच्या काळात गांजा हे अबकारी उत्पन्नाचं साधन होतं. १८९३–९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगानं सात खंडांचा अहवाल लिहून, बेताच्या सेवनानं फारसं बिघडत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. हा अहवाल आजही समाजमाध्यमांवर फिरत असतो. वाचायला तो सुरस आहे, न्यायालयात मात्र कामाचा नाही.

एनडीपीएस कायद्यात 'कॅनाबिस' म्हणजे तीन गोष्टी. चरस, म्हणजे झाडाचा चीक आणि त्यापासून काढलेलं तेल. गांजा, म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. आणि या दोहोंचं कुठलंही मिश्रण किंवा पेय. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया यातून वगळल्या आहेत. भांग पानांची होते, म्हणून ती केंद्रीय कायद्याच्या कचाट्यातून सुटते. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना हाच फरक मानला होता. जप्त केलेल्या मालात नुसता हिरवा पाला असेल, शेंडे नसतील, तर तो 'गांजा' या व्याख्येत बसत नाही. पण पोलीस ठाण्यात हा युक्तिवाद घेऊन जाऊ नका. तिथे हिरवं आणि वासाचं ते सगळं गांजाच असतं. न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल येऊन तो फरक सिद्ध होईपर्यंत तुम्ही कुठे असाल, याचा विचार आधी करा.

आता महाराष्ट्राचा वेगळेपणा. केंद्रीय कायद्याचं ८१ वं कलम म्हणतं की राज्याच्या एखाद्या कायद्यात याहून जास्त बंधन किंवा जास्त शिक्षा असेल तर ती तशीच राहील. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तोच ज्याखाली दारू पिण्याचा परवाना काढावा लागतो. त्या कायद्यात भांगही आहे. परवान्याशिवाय भांग बनवणं, विकणं, बाळगणं, खाणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. गुजरातनं २०१७ मध्ये आपल्या कायद्यातून भांग काढून टाकली. महाराष्ट्रानं तसं केलेलं नाही.

म्हणजे उज्जैनच्या किंवा काशीच्या ठेक्यावर भांगेची गोळी घेणं तिथल्या अबकारी नियमांत बसतं. तीच गोळी खिशात घेऊन तुम्ही मुंबई–आग्रा महामार्गानं निघालात, सेंधवा सोडलं, बिजासनचा घाट उतरलात आणि पळासनेरला महाराष्ट्रातल्या शिरपूर तालुक्यात शिरलात की गोळी तीच, तुम्हीही तेच, पण आता तुमच्याकडे विनापरवाना मादक पदार्थ आहे. वर, हा पट्टा पोलिसांच्या खास नजरेतला. सातपुड्याच्या कुशीत, इतर पिकांच्या आडोशानं केलेली गांजाची शेती शिरपूर तालुक्यात वारंवार पकडली गेली आहे. नाशिक पासिंगची गाडी तिथे तपासली गेली तर आश्चर्य वाटायला नको. त्या मित्रमंडळाला मी एवढंच सांगितलं की रंगपंचमीच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायला गोळी लागत नाही. पाणी पुरेसं गार असतं.

सिंहस्थ तोंडावर आला आहे, म्हणून आणखी एक समजूत इथेच निकालात काढू. तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरी साधूंच्या हातात चिलीम दिसते आणि कोणी काही म्हणत नाही, यावरून साधूंना कायद्यानं सूट आहे असं पुष्कळांना वाटतं. एनडीपीएस कायद्यात साधू, आखाडा, पर्व, प्रसाद यांपैकी कशालाही सूट नाही. पोलीस गर्दीत काय पाहतात आणि कशाकडे काणाडोळा करतात हा बंदोबस्ताचा भाग झाला. 'महाराजांनी प्रसाद दिला' म्हणून पुडी घेऊन घरी आलेल्या सातपूरच्या पोराला त्या काणाडोळ्याचा आधार मिळत नाही.

मग औषध म्हणून काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि त्याची वाट आयुर्वेदातून जाते. आपल्या वैद्यकात या वनस्पतीचं नाव विजया किंवा भंगा. शार्ङ्गधर संहिता आणि भावप्रकाश या दोन्ही ग्रंथांत ती आहे. ग्रहणी आणि अतिसारावरच्या जातीफलादि चूर्णात ती पडते. आधी शोधन, म्हणजे धुऊन, वाळवून, तुपावर परतून घ्यायचं आणि मगच वापरायचं असा दंडक. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक औषध बनवायला राज्याच्या प्राधिकाऱ्याचा परवाना लागतो, आणि त्याच्या नियमांतल्या 'ई-१' परिशिष्टात भांग ही विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. शेजारी कोण? बिब्बा, धोत्रा, बचनाग, कुचला. यादी वाचून घाबरायचं कारण नाही, पण 'वनस्पतीच आहे, अपाय कसला' हे म्हणणं तिथे संपतं. या यादीतलं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे.

तेव्हा कोणी 'विजया तेल' किंवा 'विजया अर्क' सुचवला तर पहिलं काम म्हणजे चष्मा लावून लेबल वाचणं. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, घटकद्रव्यं आणि त्यांचं प्रमाण, वर सांगितलेला इशारा. यातली एक ओळ जरी नसली तरी बाटली परत करा. विजया पानांची आहे असं घटकांत स्पष्ट लिहिलेलं हवं. 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट' एवढंच छापलं असेल तर त्यातून काही कळत नाही. मग चिठ्ठी. नोंदणीकृत वैद्याकडे समोरासमोर जा. दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलनंतर विक्रेत्याच्याच वैद्यानं पाठवलेली चिठ्ठी कागद म्हणून चालेलही, पण त्या वैद्यानं तुमची बाकीची औषधं विचारली का? आपल्या शहरात गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. तिथे दाखवून यायला रिक्षाचं भाडं लागतं, एवढाच खर्च. चिठ्ठी, बिल आणि मूळ बाटली एकत्र ठेवा. गोळ्या किंवा तेल दुसऱ्या डबीत काढून प्रवासाला नेऊ नका. लेबल हाच तुमचा पुरावा, आणि तो घरी कपाटात राहिला तर उपयोग नाही.

जाहिरातीत 'कर्करोगावर हमखास', 'फिट्स कायमच्या बंद' असं दिसलं तर वाचणं तिथेच थांबवा. औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यानं कर्करोग, अपस्मार, मधुमेह अशा रोगांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरातच गुन्हा ठरवली आहे. जो विक्रेता पहिल्याच ओळीत कायदा मोडतो, त्याच्या बाटलीतल्या प्रमाणावर कशाला भरवसा ठेवायचा? शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. सोबत लेबलचा फोटो जोडा.

किराणा दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल ही निराळी गोष्ट. नोव्हेंबर २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. त्यातल्या नशेच्या घटकाला मर्यादा घालून दिली आहे. पौष्टिक आहेत, महाग आहेत, आणि वेदनेवरचं औषध नाहीत.

गुडघ्यांवर आता येऊ, कारण काकूंचा मूळ प्रश्न तोच होता. गांजातले दोन मुख्य घटक म्हणजे टीएचसी आणि सीबीडी. नशा पहिल्याची. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं एक औषध मान्य केलं, ते मुलांमधल्या दोन दुर्मिळ आणि हट्टी प्रकारच्या फिट्ससाठी. टीएचसीसारखं कृत्रिम औषध केमोथेरपीच्या उलट्यांवर १९८५ पासून आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आखडणाऱ्या स्नायूंवर तोंडात फवारायचं औषध काही देशांत मिळतं. भक्कम पुरावा आहे तो एवढ्या अरुंद पट्ट्यात. जुनाट वेदनेवर काहींना थोडा आराम पडतो, पण झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा त्यानं भरून येत नाही, आणि कर्करोगाची गाठ विरघळते याला माणसांवरचा पुरावा नाही. धोके मात्र ठोस आहेत. सीबीडी यकृतातून जातो आणि वाटेत इतर औषधांची गणितं बिघडवतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याला त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याच्या यकृतावर ताण येतो. वयस्कर माणसाला टीएचसीनं चक्कर येते, रात्री बाथरूमकडे जाताना तोल जातो, आणि मग गुडघ्याऐवजी खुब्याचं ऑपरेशन होतं. घरात कोणाला मनोविकाराचा त्रास असेल, किंवा पंचविशीच्या आतलं कोणी घेणार असेल, तर नावच काढू नये.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कर्करोगाच्या वेदनेनं तळमळणाऱ्या माणसासाठी घरचे लोक गांजाचं तेल शोधत फिरतात, हजारो रुपये मोजतात, आणि त्याच वेळी कायदेशीर, स्वस्त, सिद्ध झालेलं मॉर्फिन त्या माणसापर्यंत पोहोचलेलं नसतं. एनडीपीएस कायद्यानं मॉर्फिनवर इतकी बंधनं घातली होती की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट मोकळी केली. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी सहा 'अत्यावश्यक' वेदनाशामकं मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवानगीवर ठेवता येतात. तेव्हा ऑन्कोलॉजिस्टला 'गांजाचं तेल चालेल का' असं विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर कोण आहे, आणि मॉर्फिनच्या गोळ्या कुठे मिळतील? 'सवय लागेल' म्हणून कोणी टाळाटाळ केली तर दुसऱ्याला विचारा. ज्याच्या हातात महिने मोजून उरले आहेत, त्याला सवयीची भीती घालण्यात काय अर्थ?

परत त्या बॅगेकडे. परदेशातून गांजाचा पदार्थ भारतात आणणं हा एनडीपीएसच्या २३ व्या कलमाखालचा गुन्हा. शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा', वीस किलोच्या वर 'व्यावसायिक'. हे आकडे ऐकून लोक निश्चिंत होतात: आपल्या गमी कुठे किलोभर आहेत? पण गमीत आणि तेलात पान नसतं, अर्क असतो. चरसाची आणि त्याच्या तेलाची अल्प मात्रा फक्त १०० ग्रॅम, व्यावसायिक एक किलो. टीएचसी तर मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत वेगळं नोंदलेलं आहे आणि त्याची मर्यादा आणखी खाली आहे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की मिश्रण असेल तर मोजायचं ते सगळ्या मिश्रणाचं वजन, आतल्या शुद्ध द्रव्याचं नव्हे. म्हणजे गमीतली साखर, जिलेटिन आणि संत्र्याचा स्वाद हेही तराजूत बसतात. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षं. व्यावसायिक मात्रेत ३७ वं कलम आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीनच नाही. बँकॉकहून येणाऱ्यांनीही हे वाचावं. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, जून २०२५ मध्ये पुन्हा चिठ्ठीची अट घातली. तिथून आलेला 'हायड्रोपोनिक' गांजा मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या तर आता पाठ झाल्या आहेत.

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी आणि त्या मुलांसाठीही चार शब्द. तिकडचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात आहे, राज्याच्या नाही. नागरिक नसलेल्या माणसानं 'हो, घेतला होता' असं इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे कबूल केलं तर खटला, शिक्षा काहीही नसताना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तिथल्या नागरिकत्व खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलं आहे की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचं सेवन किंवा त्या धंद्यातली नोकरी 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकते. एच-१बी वरच्या मुलीनं डिस्पेन्सरीचं सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी धरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारावं. विमान, विमानतळ आणि राज्याची हद्द ओलांडणं हेही केंद्राच्या अखत्यारीत येतं. न्यू जर्सीत घेतलेली वस्तू गाडीतून शेजारच्या राज्यात नेली तरी केंद्राचा गुन्हा. दुकानासमोर उभं राहून काढलेला हसरा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायची तर गरजच नाही. गांजाचं परिशिष्ट बदलण्याच्या हालचाली तिकडे २०२४ पासून चालू आहेत, पण त्या बातम्यांच्या भरवशावर व्हिसा पणाला लावू नये.

निफाडच्या बागायतदाराला मी दिलेलं उत्तर सगळ्यात छोटं होतं: नको. कायद्याच्या १० व्या कलमानं राज्याला लागवडीची परवानगी देता येते आणि १४ व्या कलमानं धागा किंवा बियांसाठी सरकार वेगळा आदेश काढू शकतं. उत्तराखंडानं त्या आधारे औद्योगिक हेम्पला वाट दिली. महाराष्ट्रात शेतकऱ्याला अर्ज करून लावता येईल अशी व्यवस्था नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं, कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावू द्या, असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. परवानगी मिळाली नाही, पोलिसांनी तो प्रसिद्धीचा स्टंट मानला. त्याच्या अर्जातलं भावाचं दुःख खरं होतं, हे मात्र कोणी नाकारू नये. लागवडीच्या गुन्ह्यात 'अल्प मात्रा' नावाची पळवाट नाही. कुंडीतलं एक झाडही २० व्या कलमात बसतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. जमीन वाट्यानं दिली असेल तर आणखी सावध राहा. ४६ व्या कलमाप्रमाणे आपल्या जमिनीत गांजाचं झाड आहे हे कळताच मालकानं पोलिसांना कळवायचं असतं, जाणूनबुजून गप्प बसणं हाच गुन्हा. सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही ४७ व्या कलमानं तीच जबाबदारी आहे. महिन्यातून एकदा उसाच्या, मक्याच्या आतल्या ओळीत फिरून या. आणि हो, अंबाडी पाहून पोलिसांना फोन करू नका. पानं दिसायला सारखी असतात, तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'कॅनाबिनस' आहे, पण तिची भाजी निर्धास्त खा.

एवढं करूनही घरातलं पोर पकडलं गेलं तर? झडतीच्या वेळी अंगाला हात लावण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या असं मागण्याचा हक्क ५० व्या कलमानं दिला आहे, आणि तो हक्क आहे हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईची झडती बाईनंच घ्यायची. पंचनाम्यावर न वाचता सही करू नका. वजन किती लिहिलं आहे ते पाहा, सगळं पुढचं त्या आकड्यावर अवलंबून असतं. चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, त्याची हेल्पलाइन १५१००. पोर व्यसनात असेल तर लपवाछपवी सोडा. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्याला ६४-अ कलमाखाली खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६, मन मोकळं करायला टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

काकूंचा भाचा येत्या महिन्यात येतोय. तुमचाही कोणी येत असेल तर त्याचं विमान कधी आहे ते बघा आणि बॅग भरायच्या आधी फोन करा. गमी तिकडेच राहू दे म्हणावं. मावशीच्या गुडघ्यांना नी-कॅप चालेल, तीही नाशिकातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.